सिंहस्थ की कुंभमेळा? नावाच्या वादात मागे पडलेली गोदावरी

बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थाची चाहूल नाशिककरांना दोन गोष्टींवरून लागते. शहरातील रस्ते खोदले जाऊ लागतात आणि नावाचा वाद सुरू होतो. या वेळीही तसेच घडले. १ जून २०२५ रोजी तेरा आखाड्यांच्या प्रतिनिधींच्या उपस्थितीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नाशिकमध्ये आगामी मेळ्याच्या तारखा जाहीर केल्या. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण, २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७ रोजी पहिली दोन मुख्य स्नाने, तिसरे स्नान नाशिकला ११ आणि त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबर २०२७ रोजी, तर २४ जुलै २०२८ रोजी समाप्ती, असे हे वेळापत्रक आहे. तारखांवर एकमत झाले. या सोहळ्याला नेमके काय म्हणायचे, यावर मात्र झाले नाही.

वादाचे पदर तीन आहेत. पहिला गावाचा : 'नाशिकचा कुंभमेळा' म्हणायचे, 'नाशिक-त्र्यंबकेश्वर' म्हणायचे की 'त्र्यंबकेश्वर-नाशिक'? दुसरा शब्दाचा : 'शाही स्नान' हा शब्द परकीय म्हणून टाकून 'अमृत स्नान' म्हणायचे का? तिसरा पदर फारसा बोलला जात नाही; पण खरा मूलभूत तोच आहे. हा सोहळा मुळात 'सिंहस्थ' आहे की 'कुंभमेळा'? पहिल्या दोन वादांत प्रतिष्ठा पणाला लागली आहे. तिसऱ्यात सोहळ्याचा अर्थच पणाला लागला आहे.

दोन गावे, दोन तीर्थे

त्र्यंबकेश्वरमधील साधू-महंतांची तक्रार नवी नाही. सारा देश 'नाशिकचा कुंभ' म्हणतो आणि त्र्यंबकेश्वर त्या नावात विरून जाते, हे त्यांचे दुखणे प्रत्येक सिंहस्थात वर येते. २०२५ मध्येही नावात त्र्यंबकेश्वरला अग्रस्थान मिळावे, अशी मागणी झाली. या मागणीमागे आकड्यांचे बळ आहे. तेरा आखाड्यांपैकी सात शैव आणि तीन उदासीन-निर्मल असे दहा आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करतात. दिगंबर, निर्मोही आणि निर्वाणी हे तीन वैष्णव आखाडे नाशिकच्या रामकुंडावर. गोदावरीचा उगमही त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर आणि बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक तेथेच. नाशिककरांच्या बाजूनेही आकडेच आहेत, पण निराळे. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार होती, त्र्यंबकची जेमतेम १२ हजार. भाविकांचा मोठा लोंढा उतरतो तो नाशिकमध्ये. रेल्वे, रुग्णालये, निवारा, पाणीपुरवठा, पोलीस यांचा मुख्य भार नाशिकवरच पडतो.

ही विभागणी झाली कशी, याचे उत्तर पेशवाईत सापडते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्नानाच्या अग्रक्रमावरून शैव आणि वैष्णव साधूंमध्ये संघर्ष झाले. १७८९ च्या सिंहस्थातील संघर्षानंतर शैवांनी त्र्यंबकला आणि वैष्णवांनी नाशिकला स्नान करावे, अशी व्यवस्था पेशव्यांनी लावून दिली, असे सामान्यतः सांगितले जाते. सोहळा त्यापूर्वी त्र्यंबकलाच होत असे, ही शैव परंपरेची धारणा आहे आणि आजच्या मागणीचे मूळ तिच्यात आहे. म्हणजे 'नाशिक' आणि 'त्र्यंबक' यांच्यामधली जी छोटी आडवी रेघ आज शासकीय कागदांवर दिसते, ती एका जुन्या तहाची खूण आहे. तो तह शांतता राखण्यासाठी होता आणि दोनशेहून अधिक वर्षे तो टिकला. नावातील अग्रक्रमाचा आजचा आग्रह हा स्नानाच्या अग्रक्रमाच्या त्या जुन्या आग्रहाचाच नवा अवतार म्हणावा लागेल.

शासनाने आपल्यापुरता हा प्रश्न सोडवला. २०२५ मध्ये मेळ्याच्या नियोजनासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण करण्यात आले आणि त्याला 'नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण' असे नाव देण्यात आले. या नावात नाशिक आले, त्र्यंबकेश्वर आले, कुंभमेळाही आला. 'सिंहस्थ' मात्र आले नाही. त्याबद्दल फारशी तक्रार कोणी केली नाही, आणि हीच या वादातील सर्वांत लक्षणीय बाब आहे.

सिंह रास आणि कुंभ रास

'सिंहस्थ' या शब्दाचा अर्थ सरळ आहे : गुरू ग्रह सिंह राशीत असण्याचा काळ. गुरूला राशिचक्राची एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे ११ वर्षे १० महिने लागतात. म्हणून तो साधारण बारा वर्षांनी सिंह राशीत परततो. महाराष्ट्रात हा शब्द केवळ मेळ्यापुरता नव्हता. 'सिंहस्थ लागला' म्हटले की घरोघरी विवाहाचे मुहूर्त पाहणारे सावध होत, कारण सिंहस्थात लग्नकार्य टाळण्याची रूढी होती. पंचांग उघडणाऱ्या सामान्य कुटुंबाला हा शब्द आखाड्यांच्या मिरवणुकीपेक्षा अधिक जवळचा होता.

'कुंभ' हीदेखील रासच आहे. गुरू कुंभ राशीत आणि सूर्य मेषेत असताना हरिद्वारचा मेळा भरतो. त्या मेळ्याचे नाव राशीवरून पडले, हे उघड आहे. नाशिकच्या वेळी गुरू कुंभेत नसतो. तो कुंभेच्या बरोबर समोरच्या, म्हणजे सातव्या राशीत असतो. त्यामुळे ज्योतिषाच्या हिशेबाने पाहिले तर नाशिकच्या सोहळ्याला 'कुंभ' म्हणण्याला आधार राहत नाही. उज्जैनचा मेळाही गुरू सिंहेत असतानाच, पण सूर्य मेषेत आल्यावर वैशाखात भरतो. म्हणून तेथेही 'सिंहस्थ' हेच नाव रूढ आहे. राणोजी शिंदे यांनी अठराव्या शतकात नाशिकच्या साधूंना उज्जैनला निमंत्रण दिले आणि तेथील मेळा सुरू झाला, अशी परंपरा सांगितली जाते. मध्य प्रदेशाने ते नाव आजही आपल्या फलकांवर ठळकपणे मिरवले आहे. ज्या महाराष्ट्रातून ते तेथे गेले असे मानले जाते, तेथे मात्र ते दुय्यम झाले.

जुन्या लेखनातही हा भेद दिसतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस, १६९५ च्या सुमारास सुजान राय याने लिहिलेल्या 'खुलासत-उत-तवारीख' या फारसी ग्रंथात कुंभाचे नाव हरिद्वारच्या मेळ्यापुरतेच येते. गुरू सिंह राशीत आल्यावर त्र्यंबकला भरणाऱ्या मेळ्याची नोंद त्यात आहे. परंतु त्याला कुंभ म्हटलेले नाही. प्रयागच्या मेळ्याचा उल्लेख तर दरवर्षीच्या माघमेळ्याच्या रूपात येतो. ब्रिटिश आमदानीत १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही या पर्वाची ओळख सिंहस्थ अशीच करून दिली आहे.

मग 'कुंभ' हे नाव चार ठिकाणी कधी पसरले? इतिहास संशोधक कामा मॅक्लीन यांनी प्रयागच्या मेळ्याचा अभ्यास करून २००३ आणि २००८ मध्ये मांडलेले मत या संदर्भात वारंवार उद्धृत केले जाते. प्रयागच्या मेळ्यासाठी 'कुंभ' हे नाव सरकारी कागदपत्रांत १८६८ पूर्वी आढळत नाही, आणि १८५७ च्या उठावानंतर बदललेल्या परिस्थितीत तेथील तीर्थपुरोहितांनी वार्षिक माघमेळ्याला बारा वर्षांच्या कुंभाचे रूप दिले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे मत सर्वांना मान्य नाही. कागदावर नोंद नाही म्हणजे परंपरा नव्हती, असा निष्कर्ष काढता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही चार मेळ्यांची एकच साखळी आणि तिचे एकच नाव ही कल्पना टप्प्याटप्प्याने घडत गेली, एवढे या चर्चेतून निश्चित दिसते. आखाड्यांची भ्रमंती, रेल्वे, छापखाने, वृत्तपत्रे आणि पुढे शासनयंत्रणा या साऱ्यांचा त्यात वाटा आहे.

दोन कथा

नाव बदलले की कथा बदलते. 'कुंभ' या नावाबरोबर समुद्रमंथनाची कथा येते. देव-दानवांच्या ओढाताणीत अमृताचे थेंब हरिद्वार, प्रयाग, उज्जैन आणि नाशिक येथे पडले, अशी ती कथा. समुद्रमंथनाचे वर्णन महाभारतात, भागवतात आणि इतर पुराणांत विस्ताराने आले आहे. मात्र चार ठिकाणी थेंब पडल्याचा भाग त्या प्रसिद्ध वर्णनांत नाही, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

'सिंहस्थ' या नावाबरोबर येते ती गोदावरीची कथा, आणि ती संपूर्णपणे या भूमीची आहे. ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्याने तिला प्रतिष्ठा दिली आणि लोकांच्या तोंडी ती अनेक रूपांनी राहिली. ब्रह्मगिरीवर गौतम ऋषींचा आश्रम. भोवती दुष्काळ असताना आश्रमात मात्र धान्य पिकत होते. इतरांच्या मत्सरातून ऋषींवर गोहत्येचा दोष आला. त्याच्या क्षालनासाठी त्यांनी शंकराची आराधना केली आणि जटेतील गंगा मागितली. उतरलेली गंगा निसटू पाहू लागली तेव्हा ऋषींनी कुश, म्हणजे दर्भ, फिरवून तिला अडवले. ते कुशावर्त. गुरू सिंहेत असताना सारी तीर्थे, प्रत्यक्ष भागीरथीसुद्धा, गोदावरीच्या भेटीला येतात, ही श्रद्धा या कथेला जोडलेली आहे. नाशिककर आजही गोदावरीला 'गंगा'च म्हणतात. 'गंगेवर जाऊन येतो' हे वाक्य या शहरात रोज ऐकू येते आणि त्याचा अर्थ परक्या माणसाला सांगावा लागतो.

दोन्ही कथा श्रद्धेच्या आहेत. त्यांत खरी कोणती हा प्रश्नच गैरलागू आहे. परंतु त्यांचा रोख वेगळा आहे. अमृताची कथा चार स्थानांना एका सूत्रात बांधते; त्यात नदी ही थेंब झेलणारी जागा असते. गौतमाच्या कथेत नदी हीच फलश्रुती आहे. दुष्काळ, पाणी आणि एका माणसाच्या हातून घडलेल्या चुकीचे प्रायश्चित्त हे तिचे विषय आहेत. पर्जन्यछायेच्या प्रदेशाकडे वाहत जाणाऱ्या नदीच्या उगमाशी अशी कथा सांगितली जावी, हे स्वाभाविकच होते.

नदीच्या अंगाने पाहिले तर सिंहस्थाचे सगेसोयरेही वेगळे निघतात. गुरू सिंहेत आला की गोदावरीच्या खालच्या अंगाला, तेलंगण आणि आंध्र प्रदेशात, गोदावरी पुष्करम साजरे होते. नदी तीच, ग्रह तोच, रासही तीच. १४ जुलै २०१५ रोजी नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाचा ध्वज चढला, त्याच दिवशी राजमहेंद्रीला पुष्करमचे पहिले स्नान सुरू झाले. येत्या पर्वातही पुष्करम जून २०२७ च्या अखेरीस, गुरू सिंहेत पुन्हा प्रवेश करील तेव्हा, सुरू होणार आहे. गुरू पुढे कन्या राशीत गेला की कृष्णेचे पर्व येते. तेलुगू लोक त्याला कृष्णा पुष्करम म्हणतात. आपल्याकडे वाई आणि नृसिंहवाडीला ते 'कन्यागत' म्हणून ओळखले जाते. सिंहस्थ आणि कन्यागत ही एकाच घडणीची मराठी नावे आहेत. दख्खनच्या नद्यांचे हे स्वतंत्र पंचांग आहे. 'कुंभ' या नावाने नाशिक उत्तरेतील तीन क्षेत्रांशी जोडले जाते. 'सिंहस्थ' या नावाने ते पैठण, नांदेड, बासर, राजमहेंद्री या स्वतःच्याच नदीकाठाशी जोडलेले राहते. १,४६५ किलोमीटर लांबीच्या या नदीवरील नाते विसरणे हे काही लहान नुकसान नव्हे.

'शाही' जाते, 'पर्वणी'चे काय?

दुसरा वाद शब्दशुद्धीचा. सप्टेंबर २०२४ मध्ये उज्जैनच्या महाकाल मिरवणुकीला 'शाही'ऐवजी 'राजसी' म्हणण्याची भूमिका मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी घेतली. त्यानंतर आखाडा परिषदेनेही 'शाही' आणि 'पेशवाई' हे शब्द टाकून देण्याचा आग्रह धरला. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात 'शाही स्नान'चे 'अमृत स्नान' झाले आणि साधूंच्या प्रवेश मिरवणुकीच्या 'पेशवाई'चे 'छावणी प्रवेश' झाले. नाशिकच्या तारखाही 'अमृत स्नान' याच नावाने जाहीर झाल्या.

'शाही' हा फारसी शब्द आहे, यात शंका नाही. पण मराठीत तो इतका मुरला आहे की 'शिवशाही' आणि 'लोकशाही' हे शब्दही त्याच्याच आधाराने उभे आहेत. 'पेशवाई'चे तर काय करावे? हिंदी भाषकांना तो स्वागत मिरवणुकीचा फारसी शब्द वाटतो; मराठी माणसाच्या मनात त्या शब्दासरशी शनिवारवाडा उभा राहतो. १७५५ ते १७८६ या काळात त्र्यंबकेश्वराचे सध्याचे मंदिर बांधले गेले, त्याचा आरंभ नानासाहेब पेशव्यांनी केला. ज्या सोहळ्याची घडी पेशव्यांनी बसवून दिली, तेथे 'पेशवाई' हा शब्द परका ठरावा, हा काळाचा विनोद आहे.

भाषाशुद्धीचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. नाशिकजवळच्या भगूरला १८८३ मध्ये जन्मलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी विसाव्या शतकात तीच चळवळ पुढे नेली. 'महापौर', 'दिनांक' यांसारखे शब्द त्यातून रुळले. मात्र या इतिहासाचा धडा दुहेरी आहे. गरज भागवणारा शब्द टिकतो. केवळ आदेशाने आलेला टिकेलच असे नाही. राज्याभिषेकानंतर 'पेशवा' या पदाचे अधिकृत नाव 'मुख्य प्रधान' झाले, तरी लोकांच्या जिभेवर आणि इतिहासाच्या पानांवर पेशवाच राहिला.

शिवाय पर्याय शोधायचाच होता तर तो दूर जाऊन शोधण्याची गरज नव्हती. नाशिकचा सामान्य माणूस या स्नानांना पिढ्यान्‌पिढ्या 'पर्वणी' म्हणत आला आहे. पहिली पर्वणी, दुसरी पर्वणी, तिसरी पर्वणी अशीच मोजणी घरांत आणि स्थानिक वृत्तपत्रांत होत असे. 'पर्वणी' हा शब्द मराठी आहे, संस्कृताशी नाते सांगणारा आहे, आणि त्यात राजेशाहीचा दिमाखही नाही. 'शाही'च्या जागी 'अमृत' आले तेव्हा एका फारसी शब्दाला निरोप मिळाला, हे खरे. त्याचबरोबर अमृतकुंभाची कथा आणखी घट्ट बसली आणि एक चांगला मराठी शब्द बाजूला पडला. शुद्धीच्या उत्साहात आपलेच शब्द वगळले जात असतील, तर तिचा लाभ नेमका कोणाला, हे विचारले पाहिजे.

नावाबरोबर येणारी गर्दी

'नावात काय आहे' असे म्हणून हा विषय सोडून देता येणार नाही, कारण नावाबरोबर पैसा, प्रतिष्ठा आणि गर्दी येते. 'कुंभमेळा' या नावाचे लाभ खरे आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत कुंभमेळ्याचा समावेश केला. त्यात नाशिकचेही नाव आहे. देशभरातील भाविकांना 'कुंभ' म्हटल्यावर वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. केंद्राचा निधी, रेल्वेच्या विशेष गाड्या, रस्त्यांची कामे यांची मागणी या नावाने सोपी होते. आखाड्यांच्या दृष्टीने तर चार कुंभांचे चक्र ही त्यांच्या संघटनेची चौकटच आहे. दीडशे वर्षे चालत आलेला संकेत हीसुद्धा परंपराच असते. ती उशिरा रुजली म्हणून खोटी ठरत नाही.

पण प्रयागच्या नावाशी तुलना सुरू झाली की प्रयागच्या आकड्यांशीही स्पर्धा सुरू होते. प्रयागला गंगा-यमुनेच्या संगमावर मैलोन्‌मैल वाळवंट मोकळे असते. नाशिकला गोदावरी जुन्या वस्तीच्या दाटीतून वाहते, आणि कुशावर्त हे तर डोंगराच्या पायथ्याशी, अरुंद गल्ल्यांच्या गावात बांधलेले एक दगडी कुंड आहे. शिवाय प्रयागचा मेळा कोरड्या हिवाळ्यात भरतो. सिंहस्थाच्या पर्वण्या श्रावण-भाद्रपदात, ऐन पावसाळ्यात येतात. २७ ऑगस्ट २००३ रोजी दुसऱ्या पर्वणीला नाशिकमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांनी प्राण गमावले. १४ जुलै २०१५ रोजी राजमहेंद्रीच्या घाटावर २७ जण, तर २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराज येथे सरकारी आकड्यानुसार ३० जण दगावले. २०१५ च्या सिंहस्थात नाशिकने चोख नियोजनाने अशी दुर्घटना टाळली, हे प्रशासनाला श्रेयस्करच आहे. परंतु कोटींचे आकडे हीच यशाची मोजपट्टी ठरली, तर या दोन गावांच्या मर्यादा कोण लक्षात घेणार?

'सिंहस्थ' या जुन्या संकल्पनेत गर्दीवर एक नैसर्गिक उतारा आहे, तोही विसरला गेला आहे. गुरू सिंहेत असेपर्यंत संपूर्ण काळ पुण्यप्रद मानला जातो. येत्या पर्वात गुरूच्या वक्री गतीमुळे तो सिंहेत येऊन मागे कर्केत जाईल, पुन्हा येईल, पुढे कन्येत जाऊन पुन्हा परतेल. म्हणूनच २०१५ चे पर्व जेमतेम १३ महिन्यांचे होते, आणि हे जवळजवळ २१ महिन्यांवर पसरलेले आहे. कुटुंबाने आपल्या सोयीने, पावसाळा टाळून, केव्हाही येऊन स्नान करावे, ही सिंहस्थाची सोपी रीत आहे. साऱ्या देशाने तीनच दिवशी एकाच घाटावर यावे, हा आग्रह मिरवणुकीचा आहे, पंचांगाचा नाही. प्रशासनाने 'सिंहस्थ' हा शब्द फलकांवर ठळक केला आणि त्याचा अर्थ लोकांना सांगितला, तर त्यातून गर्दी विभागण्याचेही काम होऊ शकेल.

नदी राहिली तर नाव राहील

अखेर प्रश्न उरतो तो नदीचा. २०१५ मध्ये स्नानांसाठी धरणातून पाणी सोडण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. मराठवाडा तहानलेला असताना पर्वणीसाठी पाणी सोडावे का, हा पेच गौतमाच्या दुष्काळाची आठवण करून देणारा होता. त्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये, गुरू अजून सिंहेतच असताना, रामकुंड कोरडे पडले. सिंहस्थ चालू आणि गोदावरीत पाणी नाही, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना नावाच्या अग्रक्रमाचा वाद किरकोळ वाटला असेल. गोदापात्रातील काँक्रिटने जुनी कुंडे आणि जिवंत झरे गाडले गेले, ही नाशिकच्या नदीप्रेमींची तक्रार जुनी आहे. नदीच्या प्रदूषणाचा खटला २०१२ पासून न्यायालयासमोर आला. २०२५ च्या अखेरीस तर साधुग्रामसाठी तपोवनातील शेकडो झाडे तोडण्याच्या प्रस्तावाने शहर ढवळून निघाले. नागरिक रस्त्यावर उतरले आणि प्रकरण न्यायालयात व हरित लवादाकडे गेले. 'तपोवन' हेही एक नावच आहे. वन गेले तर ते नाव फक्त बसथांब्यावर उरेल.

या साऱ्या घटनांकडे एकत्र पाहिले तर एक सूत्र दिसते. नावावरून भांडणारे सगळे पक्ष गोदावरीला आपली मानतात. पण नावाच्या कोणत्याही प्रस्तावात गोदावरी नाही. त्र्यंबकेश्वरला तिचा उगम आहे, नाशिकला तिचा घाट आहे. शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नदी ज्यांच्या दारात पोहोचते, ती खालची गावे या चर्चेत कोठेच नाहीत. पेशव्यांनी साधूंमध्ये तह घडवून आणला, कारण भांडण घाटावरच्या अग्रक्रमाचे होते. आज तह हवा आहे तो उत्सव आणि नदी यांच्यात.

शासनाने 'कुंभमेळा' हे नाव पुसावे, असे कोणी म्हणणार नाही आणि म्हटले तरी ते होणारही नाही. लोक जे म्हणतात ते नाव टिकते. मात्र 'सिंहस्थ' आणि 'पर्वणी' हे शब्द पाठ्यपुस्तकांत, फलकांवर आणि प्राधिकरणाच्या कागदांत सन्मानाने राहावेत, एवढी अपेक्षा वाजवी आहे. ते शब्द केवळ जुने म्हणून नव्हे, तर हा सोहळा एका नदीचा आहे याची आठवण करून देतात म्हणून जपायचे. त्र्यंबकेश्वरचे नाव आधी यावे की नाशिकचे, याचा निर्णय साधू-महंतांनी आणि शासनाने सामोपचाराने करावा. २४ जुलै २०२८ रोजी ध्वज उतरेल, तंबू उठतील, आखाडे पुढच्या क्षेत्राची वाट धरतील. नाशिककर मात्र दुसऱ्या दिवशीही 'गंगेवर' जातील. त्या दिवशी तिच्यात पाणी कसे असेल, यावरूनच या सिंहस्थाचे यश ठरेल.